खांद्यावरची शिवण

मी एक चोळी. गावात मला झंपर म्हणतात, पंचनाम्यात मी 'ब्लाऊज' आहे. नाव काहीही घ्या, पण आज माझं ऐका. कोर्टाच्या मागच्या अंगणात, निकाल लागून गेलेल्या खटल्यांच्या ढिगावर मी पडले आहे. शेजारी कुऱ्हाडीचा मोडका दांडा, कोणाचं रक्त वाळलेलं धोतर, एक एकटी चप्पल. शिपाई आम्हाला जाळणार आहे. तसा हुकूमच आहे.

जन्म माझा मार्कंड्याच्या जत्रेतला. चौऱ्याऐंशी सालच्या शिवरात्रीला वैनगंगेच्या काठी एका कापडवाल्याच्या पालात मी निळं कापड होऊन लटकत होते. ठमाबाईनं मला बोटांत चोळून पाहिलं आणि घेतलं. देवळात ती गेली नाही. छप्पन सालापासून त्यांच्या घरात देव नाहीत. पण जत्रेतलं कापड काही कोणत्या देवाचं नसतं. पोंभुर्ण्याच्या अलीकडे, जंगलाला टेकलेल्या तिच्या गावात शिंप्यानं मला मशीनवर शिवलं, आणि बाबासाहेबांच्या जयंतीला तिच्या मुलीनं, मनकर्णानं, मला पहिल्यांदा अंगात घातलं.

मनकर्णा त्या वस्तीतली दहावीला बसलेली पहिली मुलगी. जयंतीच्या दिवशी विहारासमोर ती चार वाक्यं बोलली. बोलताना तिची छाती धडधडत होती, ते फक्त मलाच ठाऊक. मी नवी होते. मला वाटलं, जग असंच असतं.

जयंती झाली की नवा कपडा रोजचा होतो. गरिबाघरी पेटीत ठेवायला वेगळा कपडा कुठून असणार? मे महिन्यात मी मनकर्णाच्या अंगावर तेंदूच्या जंगलात गेले.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. पहाटे बाया जंगलात जाऊन पानं तोडतात, दुपारी घरी बसून त्यांचे पुडे बांधतात आणि उन्हं उतरली की भारा डोक्यावर घेऊन फळीवर जातात. ठेकेदार जिथे पानं मोजून घेतो ती जागा म्हणजे फळी. तिथे ठेकेदाराचा मुंशी असतो. पुडा चांगला की कच्चा हे तोच ठरवतो. आमच्या फळीवर हरिदास मुंशी होता.

भारा जड असतो. एकटीला खाली ठेवता येत नाही, कोणीतरी हात लावावा लागतो. आमच्या फळीवर तो हात मुंशी लावायचा. बाईच्या डोक्यावर भारा, दोन्ही हात वर धरलेले, आणि याचे हात मोकळे. एवढं सांगितलं तरी पुरे. ज्यांना कळायचं त्यांना कळलं असेल.

सगळ्यांना माहीत होतं. रांगेत त्याचा विनोद व्हायचा. "जाय वो, हात लावून घे मुंशीचा, नाई तं पुडा कच्चा निघन!" म्हाताऱ्या बाया म्हणायच्या आणि तरण्या खाली मान घालून हसायच्या. मला त्या हसण्याची चीड येते. पण मी त्यांच्या अंगावरची कापडं जवळून पाहिली आहेत. त्या हसत होत्या तेव्हा ती सगळी घामानं गार झालेली होती.

त्या दिवशी रांगेत मनकर्णाचा नंबर आला. मुंशीनं नुकताच तंबाखूला चुना लावून मळला होता. भाऱ्याला हात लावायचं निमित्त करून तो पुढे आला, आणि त्याचा हात भाऱ्याला लागलाच नाही. तो मला लागला. मनकर्णानं डोक्यावरचा भारा सरळ त्याच्या पायांवर सोडून दिला. तो कळवळला आणि तिला मागे ओढायला त्यानं माझा खांदा धरला. मी टर्रकन फाटले. उजव्या खांद्यापासून थेट पाठीपर्यंत.

रांग उभी होती. सगळ्यांनी पाहिलं, आणि मग सगळ्यांनी आपापल्या पुड्यांकडे पाहिलं.

मनकर्णा घरी आली ती ठाण्यात जायचं म्हणूनच. पण शेवटची बस गेली होती, आणि सकाळच्या बसच्या आधी देवराव आला. देवराव म्हणजे विहाराच्या पंचांतला जुना माणूस, ठमाबाईचा मानलेला भाऊ. खाटेवर बसला, पाणी प्यायला आणि म्हणाला, "ठमाबाई, पोरीले समजाव. हात लागला, काई जळालं नाई. उद्या ठेकेदारानं फळी उचलून दुसऱ्या गावी नेली तं लोकाईनं का करावं?"

"मामा, तुमच्या घरची पोरगी असती तं?" मनकर्णानं विचारलं.

"माह्या घरची असती तं अशी तोंड वर करून बोललीच नसती."

"म्हनूनच मुंशीले सोपं जाते."

ही मोठी माणसं! मोर्च्यात पुढे, सभेत पुढे, अन्याय म्हटला की मुठी आवळतात. आणि घरातली पोरगी अन्याय झाला म्हणाली की यांना आधी फळी आठवते. देवराव उठता उठता म्हणाला, "जाचंच असन तं जाय. पन चार लोकांत बदनामी तुहीच होईन, त्याची नाई." सगळ्यात वाईट हे, की खरं बोलला.

मनकर्णा रडून रडून दिवेलागणीलाच झोपली. जुनं लुगडं पांघरून. मी खुंटीवर होते, फाटलेली. माझ्या छातीवर पांढऱ्या चुन्याची बोटं उमटलेली, पाचही. कुणीही मोजून घ्यावीत इतकी स्पष्ट.

ठमाबाईनं मला खुंटीवरून काढलं. मोरीवर नेलं आणि साबण लावून चोळलं. चुन्याची बोटं पाण्याबरोबर वाहून गेली. मग चुलीपाशी मला वाळवलं, सुई ओवली आणि उजव्या खांद्यापासून पाठीपर्यंत बारीक, नेटके टाके घातले. टाके घालताना तिचे डोळे गळत होते. मी ओरडून सांगत होते, नको माय, नको. कापडाचं कोण ऐकतं?

सकाळी मनकर्णानं पाहिलं. "माय, हे का केलं तुनं?"

"तालुक्याले जाऊन राह्यली तू. फाटक्या झंपरानं गेली तं ते लोक का समजतीन? लाज झाकली तुही."

"मले फाटकाच दाखवाचा होता न!"

"फाटकं अंग दाखवाले नेते का कोनी?" ठमाबाई खरंच समजू शकली नाही. जन्मभर तिला एकच शिकवलेलं होतं. गरीब असू पण धुतलेलं घालू, फाटलं तर शिवून घालू, कोणी बोट दाखवायला नको. त्या शिकवणीवर ती ताठ मानेनं जगली. त्याच शिकवणीनं मुंशीला वाचवलं.

ठाण्यात जमादारानं मला उलटसुलट पाहिलं. "यात फाटलं काय आहे?" मनकर्णानं शिवण दाखवली. चहाच्या टपरीवरून दोन पंच आणले आणि लिहिलं: 'एक वापरते निळे ब्लाऊज, उजव्या खांद्यावर शिवलेले, अन्य डाग नाही.' मग मला जप्त केलं. मनकर्णानं मागच्या खोलीत मला अंगातून काढलं आणि लुगड्याचा पदर घट्ट गुंडाळून ती त्याच माणसांसमोरून बाहेर पडली. तशीच बसमध्ये बसून गावी गेली. तक्रार द्यायला आलेली मुलगी उघड्या खांद्यांनी परत गेली, आणि कायद्याला यात काही चूक वाटली नाही.

मला जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळून मालखान्यात टाकलं. त्याच कागदावर बातमी होती, बायांसाठी कायदा बदलल्याची. कोण्या मोठ्या शहरात बाया रस्त्यावर आल्या होत्या. ती बातमी अंगाभोवती घेऊन मी तीन पावसाळे काढले. उंदरांनी बातमी खाल्ली, मला सोडलं. पुड्यातून काढून मला कोर्टात नेत तेव्हा कळे की आज तारीख होती. कधी न्यायाधीश साहेब रजेवर, कधी आरोपीचे वकील आजारी. मनकर्णा आणि ठमाबाई बाहेर व्हरांड्यात बसून भाकर खात आणि पुढची तारीख घेऊन जात.

शेवटी सत्याऐंशी साली साक्षी झाल्या. कोर्टात आपापल्या खटल्यांसाठी आलेले लोक दाटीनं बसले होते. बैलचोरीवाले, दारूवाले. आरोपीच्या वकिलानं मला पेन्सिलीच्या टोकावर उचललं आणि फिरवून सगळ्यांना दाखवलं. कोणीतरी खुसखुसलं. साहेब म्हणाले, "शांतता." साहेब वाईट नव्हते. वाईट असते तर त्यांच्यावर तरी रागावता आलं असतं.

वकिलानं मनकर्णाला विचारलं, "तुमचे दोन्ही हात वर होते. मग तुम्ही ओरडल्या का नाहीत?"

"भारा टाकला त्याच्या पायावर."

"म्हणजे आधी मारहाण तुम्ही केली."

मनकर्णानं सरकारी वकिलाकडे पाहिलं. त्यांनी तिचे कागद त्याच सकाळी पहिल्यांदा उघडले होते. ते अजून वाचत होते.

"हात कुठे लागला? साहेबांना दाखवा." तिनं दाखवलं. "किती वेळ होता?" किती वेळ? याचं उत्तर बरोबर दिलं तर म्हणणार, मोजत उभी होती. आणि नाही दिलं तर म्हणणार, आठवत नाही.

सोमारी साक्षीला आली. जंगलातल्या टोल्यावरची, म्हणजे छोट्या वस्तीवरची, गोंडाची बाई, रांगेत मनकर्णाच्या मागे उभी होती. सगळ्या गावातून एकटी तीच आली. "पाह्यलं म्या," ती म्हणाली. "त्याचा हात तं रोजच जाते."

वकिलाचा चेहरा फुलला. "रोज? सगळ्या बायांच्या बाबतीत?"

"हो."

"आणि आजवर एकीनंही तक्रार केली नाही. म्हणजे कोणाला त्याचं काही वाटत नव्हतं."

"वाटत होतं साहेब. पन तेंदूचा पत्ता त्यालेच मोजून द्याचा होता."

ते लिहून घेतलं की नाही, मला दिसलं नाही.

मग ठमाबाई. "ब्लाऊज फाटलं होतं म्हणता, मग शिवलं का?"

"तुमच्या घरी फाटलेला कपडा तसाच घालतेत का, साहेब?"

लोक हसले. वकीलही हसला. "आणि धुतलं का?"

"त्याच्या बोटाचा चुना होता त्याले."

"चुना होता, हे तुम्ही म्हणता."

"म्याच धुतला, तं म्याच म्हनीन न!"

पुन्हा हशा. ठमाबाईला वाटलं आपण चांगलं उत्तर दिलं. तिनं मुलीकडे पाहिलं. मनकर्णा खाली पाहत होती. मी टेबलावर पडलेली होते, अंगावर खरं घेऊन, आणि ते खरं एका आईनं इतक्या मायेनं झाकलेलं होतं की ते मलासुद्धा उघडता येईना. जंगलात फांदीला फाटलं असेल, वकील म्हणाला. बाया रोज फाडतात, रोज शिवतात.

निकाल छोटा होता. वस्त्र सुस्थितीत आढळले. संशयाचा फायदा देऊन आरोपी निर्दोष मुक्त. मुद्देमाल निरुपयोगी असल्याने अपिलाची मुदत संपल्यावर नष्ट करावा.

मनकर्णा उभी राहिली. "साहेब, त्यानं नाई केलं, असं म्हनता का तुमी?"

"सिद्ध झालं नाही, एवढंच."

"एकदा मोठ्यानं म्हना न, केलं म्हनून. शिक्षा नका देऊ. नुसतं म्हना."

साहेबांनी चष्मा काढला, पुसला आणि पुढचा खटला पुकारायला सांगितलं. बाहेर हरिदास मुंशीच्या गळ्यात कोणीतरी हार घातला. हार घालणाऱ्यांत देवराव होता. फळी गावात राहिली होती ना!

अपील कोणी केलं नाही. मुदत संपली तेव्हा मनकर्णा एकटी आली. कोर्टाच्या बाबूसमोर उभी राहून म्हणाली, "तो झंपर मले पाह्यजे."

"जुनं कापड काय करतेस? नवीन घे."

"घालाचा नाई. शिवण उसवाची हाय आन् फळीवर टांगाचा हाय. येता-जाता सगळ्याईले दिसला पाह्यजे. त्यालेबी."

बाबू हसला. "नष्ट करायचा हुकूम आहे, बाई. हुकूम म्हणजे हुकूम." मी टेबलाखालच्या पोत्यात होते. तिचे पाय दिसत होते. मग ते वळले.

बायांनो, माझं एवढं ऐका. तुमच्या पोरीचं फाटलं तर शिवू नका. धुऊ नका. तसंच घेऊन जा, भर बाजारातून न्या, ज्याला लाज वाटायची त्याला वाटू द्या. आणि मोठ्या माणसांनो, तुमच्या घरची पोरगी तोंड वर करून बोलेल त्या दिवशी खाटेवर बसून पाणी मागू नका. तिच्याबरोबर उठा.

शिपायाला काडेपेटी सापडली आहे. मनकर्णाकडे टांगायला आता कापड उरणार नाही. म्हणून मी बोलले. हे माझे शब्द घ्या, आणि फळीवर टांगा.