वीसपैकी सात

"पुन्हा एकदा दाबून दाखव बरं," श्रीकांत म्हणाला.

एल्सीने टॅबलेट मांडीवर घेतला. पडद्यावर प्रश्न होता : तीन गुणिले आठ. खाली चार उत्तरे. तिने सर्वांत खालचे दाबले. ते करडे होऊन विझले. त्याच्या वरचे दाबले, तेही विझले. तिसऱ्यावर हिरवी खूण उमटली आणि छोटीशी तुतारी वाजली.

"चोवीस!"

"चोवीसच का?"

"कारण ते हिरवं झालं, मिस्टर के."

"आणि टॅबलेट नसता तर?"

एल्सीने कीव आल्यासारखे त्याच्याकडे पाहिले. "मग हिरवं कसं होणार?"

भिंतीवरच्या तक्त्यात एल्सीच्या नावापुढे गेले तीन आठवडे रोज वीसपैकी वीस होते.

श्रीकांत कारखानीस त्रेपन्न वर्षांचा होता आणि इंग्लंडमधल्या मेडनहेडच्या त्या प्राथमिक शाळेत, सात-आठ वर्षांच्या मुलांच्या वर्गावर, शिक्षक-प्रशिक्षणाचे वर्ष पुरे करत होता. आडनाव कुणालाच उच्चारता येईना, म्हणून पहिल्या आठवड्यातच मुलांनी त्याचा ‘मिस्टर के’ करून टाकला. सोलापूरच्या तंत्रनिकेतनातली पदविका, नंतर सत्तावीस वर्षे सॉफ्टवेअर तपासण्याचे काम, त्यातली शेवटची नऊ इथल्याच एका कंपनीत. कंपनी विकली गेली तेव्हा सहकाऱ्यांनी दुसऱ्या कंपन्या शोधल्या. याने मुलांना शिकवायचे ठरवले. बुटक्या खुर्चीवर गुडघे छातीशी येत, संध्याकाळी पाठ धरे. पण सकाळी शाळेचे फाटक दिसले की त्याची चाल आपोआप वाढे.

दुसऱ्या दिवशी त्याचा शेवटचा निरीक्षणाचा पाठ होता. वर्गशिक्षिका मिसेस ह्यूज मागे बसून अहवाल लिहिणार होत्या. तो चांगला आला तर सप्टेंबरपासून याच वर्गावर नेमणूक. नाही आला तर ती जागा दुसऱ्या कुणाची. पाठाचा आराखडा मंजूर झाला होता. त्यात वीस मिनिटे टॅबलेटची होती, कारण मुख्याध्यापिकांना रोजचे आकडे हवे असत.

टॅबलेटमधले ते गणिताचे अ‍ॅप त्याच्याच जुन्या कंपनीचे होते. शाळेत आल्यावर ते पाहून त्याला अभिमान वाटला होता. आता एल्सीचे बोट खालून वर सरकताना पाहिले आणि त्याला ते अ‍ॅप तपासल्याचा दिवस नेमका आठवला. चुकलेले उत्तर विझावे, म्हणजे मूल हिरमुसणार नाही, अशी मूळ मागणी होती. त्याच्या हाताखालच्या आसावरीने तेव्हा दोषाची नोंद केली होती : मूल किती वेळा चुकले ते मोजले जात नाही. श्रीकांतने मागणीचा कागद पुन्हा वाचला, त्यात मोजण्याचा उल्लेख नाही याची खात्री केली आणि शेरा मारला, ‘अपेक्षेप्रमाणे चालते.’ नोंद बंद झाली.

संध्याकाळी घरी त्याची बायको स्वाती कणीक मळत होती. ती हॉस्पिटलमध्ये फार्मासिस्ट होती आणि जून महिन्यातल्या लांबलेल्या उजेडात घरी येण्याचे तिला अप्रूप होते. टेबलाच्या दुसऱ्या टोकाला त्यांची मुलगी कस्तुरी फिजिक्सच्या पेपरचा अभ्यास करत होती.

श्रीकांतने सगळे सांगितले.

"मग प्रशिक्षणाच्या त्या निबंधात काय लिहिलं होतंस तू?" स्वातीने विचारले. "वर्गातलं तंत्रज्ञान आणि मी. मला वाचून दाखवलास की. प्रत्येक मुलाला त्याच्या गतीने शिकता येतं, शिक्षकाला रोज आकडे मिळतात..."

"त्याला चांगले मार्क मिळाले."

"तुझे पण हिरवे झाले म्हणजे!"

कस्तुरी वहीवर डोके टेकवून हसली. "आई, दॅट वॉज ब्रूटल."

"हसू नका. मी उद्याचा आराखडा बदलणार आहे."

"श्री, उद्या नाही," स्वातीने हात थांबवले. "उद्या सांगितलेलं कर, अहवाल घे. सप्टेंबरमध्ये वर्ग तुझा झाला की काय हवं ते बदल. एवढं वर्ष काढलंस, शेवटच्या दिवशी कशाला?"

"सप्टेंबरमध्ये एल्सी पुढच्या वर्गात गेलेली असेल. तिला तीनचा पाढा येत नाही. येत नाही हे तिलाही माहीत नाही."

कणकेवर झाकण ठेवून स्वातीने हात धुतले.

"बाबा, पण तू मला कसा शिकवला होता, तसा शिकव ना," कस्तुरी म्हणाली. "बोटाच्या पेरावर. मी अजून एक्झाममध्ये करते. टेबलखाली."

"खाली कशाला?"

"सगळे म्हणतात, व्हाय आर यू टिकलिंग युवर ओन हँड?"

श्रीकांतने आपला तळहात समोर धरला. एका बोटाला तीन पेरे. लहानपणापासून तो त्यांवर अंगठा फिरवत मोजत आला होता. त्यात तीनचा पाढा आयता मांडलेला आहे, हे मुलीला शिकवून तो स्वतःच विसरून गेला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मिसेस ह्यूज वही घेऊन मागे बसल्या. श्रीकांतने टॅबलेट वाटले आणि लगेच ते पालथे ठेवायला सांगितले. मिसेस ह्यूजनी आराखड्याचा कागद उलटून पाहिला.

"डावा हात उघडा. या बोटाला किती भाग आहेत?"

अठ्ठावीस हात उघडले. तीन, सहा, नऊ, बारा. गुदगुल्या होतात म्हणून निम्मा वर्ग खिदळला. टोबी नावाच्या मुलाने हात वर केला. "पण मिस्टर के, चार बोटं संपली. अंगठा तर मोजतोय. तीन पंचे कसे करायचे?"

"तूच सांग."

टोबीने वर्गभर नजर फिरवली आणि शेजारच्या मुलीचा हात ओढून घेतला. "हिचा घेतो!"

मग सगळ्यांनीच एकमेकांचे हात घेतले. गोंगाट झाला, कुणी कुणाचे बोट मुरगाळले, एकाची तक्रार आली. ठरलेल्या वेळेपेक्षा सात मिनिटे जास्त गेली. त्यानंतर श्रीकांतने टॅबलेट सुलटे करायला लावले आणि एक नियम सांगितला : प्रत्येक प्रश्नाला एकदाच बोट लावायचे. करडे झाले, तर ‘पुढे’ दाबायचे. हात वापरायला हरकत नाही.

वर्ग शांत झाला. एल्सी प्रत्येक प्रश्नाशी थांबत होती. तिने शेजारच्या मुलाचा हात टेबलावर पुस्तकासारखा उघडून ठेवला होता आणि ओठ हलवत मोजत होती. वेळ संपली तेव्हा ती सातव्या प्रश्नावर होती. सातही बरोबर होते. उरलेल्या तेरांपर्यंत ती पोहोचलीच नव्हती.

पडद्यावर आकडे आले. एल्सीने आपला आकडा वाचला, मग भिंतीवरच्या तक्त्याकडे पाहिले.

"मिस्टर के," ती सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "तुम्ही माझे वीस घेतलेत."

मिसेस ह्यूजचे पेन थांबले. श्रीकांतने मान हलवली आणि पाठ संपवला.

जेवणाच्या सुट्टीत दोघे रिकाम्या वर्गात बसले. मिसेस ह्यूजनी चहाचा कप बाजूला सरकवला.

"कालपर्यंत वर्गाची सरासरी एकोणीस होती. आज अकरा. श्री, मी सोळा वर्षं प्रशिक्षणार्थींचे पाठ पाहते आहे. निरीक्षणाच्या दिवशी आकडे खाली आणणारे तुम्ही पहिलेच."

श्रीकांतने त्यांना विझणाऱ्या उत्तरांबद्दल सांगितले. आसावरीची नोंद आपणच बंद केली, हेही सांगितले. क्रमवार, काही न गाळता.

"म्हणजे हे तुमचं काम?"

"तपासून योग्य ठरवण्याचं काम माझं. मी मशीनच्या विरोधात नाही, मिसेस ह्यूज. त्याने मुलाचा पहिला अंदाज दाखवला तर मी ते रोज वापरीन. पण मूल विचार करतंय की नुसतं बोट लावतंय, हे बघायला मला त्याच्या शेजारी बसावं लागलं."

मिसेस ह्यूज बराच वेळ लिहीत राहिल्या. मग त्यांनी कागद त्याच्यापुढे फिरवला. ‘मंजूर आराखड्याप्रमाणे पाठ’ या चौकटीत ‘नाही’ लिहिले होते. बाकीच्या सगळ्या चौकटींत ‘होय’.

"ते ‘नाही’ मला काढता येणार नाही," त्या म्हणाल्या.

"काढू नका. खरं आहे ते."

"मुख्याध्यापिका अकराबद्दल विचारतील."

"मी भेटतो त्यांना."

"तुम्ही सप्टेंबरमध्ये भेटा, इथले शिक्षक म्हणून. या आठवड्यात मी सांगते." त्यांनी चहा उचलला. "गार झाला. आणि ती गुदगुल्यांची पद्धत मला पुन्हा दाखवा. पाचव्या बोटाशी माझा गोंधळ झाला."

सव्वातीनला मुले आपापल्या पालकांकडे गेली. एल्सी मात्र बाकावर बसून बुटांच्या नाड्यांशी झटत होती. श्रीकांत शेजारी जाऊन बसला.

"सात माझे आहेत?" तिने मान वर न करता विचारले.

"सातही तुझेच."

"मग वीस कुणाचे होते?"

"माझे," श्रीकांत म्हणाला.

एल्सीने यावर विचार केला. "तुम्हाला वाईट वाटलं का, ते गेले तर?"

"थोडं."

"मलापण थोडं."

फाटकाशी तिच्या आईने हात हलवला. एल्सीने नाडीचा एक फासा धरला, दुसरा त्याच्याभोवती फिरवला, तो सुटला. तिने पुन्हा धरला, पुन्हा सुटला. श्रीकांतने तिच्या आईला थांबण्याची खूण केली आणि आपले दोन्ही हात मांडीवर ठेवून तो बसून राहिला.