कांडी सरायच्या आधी

माझी जीभ तिखट आहे, असं आमच्या इस्पितळात सगळे म्हणतात. म्हणोत बापडे. मुलांच्या वॉर्डात गोड बोलणारे पुष्कळ असतात, वेळच्या वेळी काम करून घेणारी एखादीच असते. मी, उज्ज्वला सिस्टर, मूळची धुळ्याची, सुरतेत एकोणीस वर्षं त्या एखादीचंच काम करत आले.

ही सत्त्याण्णव सालची गोष्ट. तोवर आमच्याकडे एकच रीत होती. ऑपरेशन झालेलं मूल रडलं की पेथिडीनचं इंजेक्शन. अफूच्या जातीचं औषध ते, दोन मिनिटांत मूल गप्प. आई खूश, वॉर्ड शांत. कपाटाची किल्ली माझ्या कमरेला असायची आणि त्याचा मला चांगलाच तोरा होता, खोटं कशाला सांगू?

तो तोरा सहा वर्षांच्या गायत्रीने उतरवला. तिचा बाप निंबा शिरपूरकडचा, कतारगामला लूमवर कपडा विणणारा. आई सरलाबाई त्याच कारखान्यात धोट्यात बसवायच्या कांड्यांवर सूत भरायची. गायत्रीला दोन्ही बाजूंना हर्निया होता. आदल्या वर्षी डाव्या बाजूचं ऑपरेशन झालं. दुपारी ती रडली, मी इंजेक्शन दिलं. तासाभराने पुन्हा रडली, कागदावर 'रडल्यास द्यावे' असं लिहिलेलंच होतं, मी पुन्हा दिलं. मग तिचा श्वास मंदावला, ओठ निळसर पडले. आम्ही धावपळ केली, ऑक्सिजन लावला आणि पोर वाचली. पण दोन्ही वेळा सुई माझ्याच हातात होती. तेव्हापासून मी जवळ गेले की सरलाबाई पोरीला पदराखाली घ्यायची.

उजव्या बाजूच्या ऑपरेशनला ती वर्षभर आलीच नाही. आली तेव्हा गाठ लिंबाएवढी झाली होती आणि पोरीला खेळताना दुखत होतं. मला बघून ती दारातच थबकली.

"ती सुई देवानी नही, ताई. कबूल करा, तरच मी पोरले आत आनस."

मी कबूल केलं. कुणाला न विचारता, छातीवर हात ठेवून.

आता माझ्या या शूरपणाला थोडा आधार होता. पुण्याहून भुलीचे एक तरुण डॉक्टर आमच्याकडे आले होते, डॉक्टर अविनाश. त्यांचं म्हणणं असं, की मूल भुलीत असतानाच पाठीच्या तळाशी औषध देऊन कमरेखालचा भाग बधिर करायचा. त्याचा अंमल दुपारपर्यंत राहतो. तो उतरायच्या आत पॅरासिटामॉलचं साधं गोड सिरप सुरू करायचं आणि पुढे दोन दिवस दर सहा तासांनी, मूल रडो की हसो, घड्याळ बघून द्यायचं. मग बहुतेक मुलांना पेथिडीन लागतच नाही. मूल जागं राहतं, खातं, खोकतं, चालतं.

मी दिलेला शब्द ऐकून मात्र ते रागावले. "सिस्टर, इंजेक्शन आपला वैरी नाही. लागलंच तर वजन बघून थोडंसं देऊ, मी स्वतः शेजारी बसेन. पोरीला दुखत ठेवणार नाही, एवढाच शब्द द्यायचा असतो."

बोलणं खरं होतं, म्हणून मला अधिकच झोंबलं. आमच्या मोठ्या साहेबांचा, म्हणजे गुजराती मुख्य सर्जनांचा, या नव्या रीतीवर काडीचा विश्वास नव्हता. "एक पेशंट," ते अविनाशना म्हणाले होते. "एक छोकरी. रडली, तर तमारी रीत बंद." ती छोकरी गायत्री ठरली. म्हणजे माझा शब्द, डॉक्टरांची रीत आणि त्या पोरीचा जीव, सगळं एकाच खाटेवर येऊन बसलं.

मंगळवारी सकाळी ऑपरेशन सुरळीत पार पडलं. बारा वाजता गायत्री टक्क जागी होती, पाणी प्यायली, बाहुलीच्या झिपऱ्या विंचरत बसली. एक वाजता मी सिरपचं माप घेऊन गेले, तर तिने आईच्या कुशीत तोंड खुपसलं. माझ्या हातचं ती काही घेईना. सरलाबाई म्हणाली, "ठेवा ताई, मी पाजस." मी पेला तिच्या हातात दिला, पुढच्या खाटेकडे गेले आणि कागदावर 'दिले' म्हणून लिहून टाकलं. थांबून बघितलं नाही. कायम दुसऱ्यांना ओरडणारी मी, त्या दिवशी स्वतःच चुकले.

साडेतीनला गायत्री कण्हायला लागली. पावणेचारला तिने असा टाहो फोडला की व्हरांड्यातली माणसं आत डोकावली. डॉक्टर अविनाश धावत आले. त्यांनी जखम पाहिली, पोट पाहिलं, नाडी पाहिली. सगळं ठीक होतं. "एक वाजता डोस गेलाय, मग एवढं दुखायला नको," ते म्हणाले. त्यांचा चेहरा उतरला होता.

नेमके त्याच वेळी मोठे साहेब राउंडला आले.

"सिस्टर, छोकरी रडे छे ने तमे चावी लईने ऊभां छो?"

खरंच, किल्ली माझ्या मुठीत होती. पोर रडत होती आणि मी शब्दाला चिकटून उभी होते. लाज वाटली मला. शब्द मोठा की लेकरू? मी कपाटाकडे वळले आणि गायत्रीच्या खाटेलगतच्या खिडकीपाशी थांबले.

खिडकीच्या कठड्यावर मुंग्यांची रांग लागली होती. लांबलचक, घाईची, एखाद्या लग्नाच्या पंगतीला निघाल्यासारखी. कोपऱ्यात गुलाबी चिकट डाग होता. मी बोट लावून वास घेतला. सिरप.

"सरलाबाई!" माझा आवाज तिसऱ्या खाटेपर्यंत गेला असणार. "औषध सांडून टाकलंत?"

ती उठून उभी राहिली. "ती हासी ऱ्हायनी ती ना, ताई. तिले दुखत नव्हतं. मंग दवा कसाले? परत झोपी गई असती, मागला सालसारखी..." आणि ती रडू लागली.

दुधाने तोंड पोळलेली बाई ती, ताक फुंकून पिणारच. आणि ते दूध पाजणारी मीच. माझा राग जागच्या जागी विरला.

डॉक्टर अविनाशनी साहेबांना खिडकी दाखवली. "सर, रीत चुकलेली नाही, डोस पोटात गेलेलाच नाही. आता देतो. एक तास द्या. मी इथून हलत नाही, आणि पाचला दुखत असेल तर इंजेक्शन मीच देईन."

साहेबांनी मुंग्यांकडे पाहिलं, घड्याळाकडे पाहिलं. "पांच वाग्या सुधी," म्हणाले, आणि चक्क स्टूल ओढून बसले.

आता पाजायचं कुणी? पोर माझ्या हातचं घेईना आणि आईचा हात पुढे होईना. मी सरलाबाईला समजावलं. हे झोपेचं औषध नव्हे म्हटलं, तहान लागल्यावर विहीर खणायची नसते म्हटलं. पण म्हण ऐकून कुणाची भीती गेली आहे का कधी?

तेवढ्यात निंबा आला. आपले लूम शेजारच्या कारागिराकडे सोपवून, केसांत सुताचे तंतू घेऊन, हातात डबा. काय झालं ते मी त्याला दोन वाक्यांत सांगितलं. तो बायकोवर ओरडेल असं मला वाटलं होतं. त्याने डबा खाली ठेवला आणि शांतपणे विचारलं,

"सरला, तू कांड्या कव्हय भरी ठेवस? लूम बंद पडावर, का पहिले?"

सरलाबाईने डोळे पुसले. "पहिलेच."

"आनि मी धोट्यानी कांडी कव्हय बदलस? सूत सरावर?"

"सरावर बदली तं कपडामा फट पडस," ती म्हणाली. कामातलं विचारलं तेव्हा तिचा आवाज स्थिर झाला. "थोडं सूत ऱ्हास तव्हयच बदलनी पडस."

"मंग दवा तशीच शे. पोर हासस तव्हयच कांडी बदलनी. आते सूत सरी गयं, म्हनीसन ती रडस."

सरलाबाईने माझ्या हातातला पेला घेतला, पोरीला मांडीवर टेकवलं आणि शेवटच्या थेंबापर्यंत पाजलं. मी या वेळी जागची हलले नाही.

डॉक्टर अविनाश आ वासून निंबाकडे पाहत होते. आठ-नऊ वर्षं शिकून त्यांना जे आम्हाला पटवता आलं नव्हतं, ते लूमवाल्याने उभ्या उभ्या पटवलं होतं. माझ्या खानदेशचा माणूस तो! ऊर भरून आला माझा.

साडेचारला टाहोचं कण्हणं झालं. पावणेपाचला कण्हणं थांबलं. पाचला गायत्रीने डब्यात काय आहे ते विचारलं.

मोठे साहेब स्टुलावरून उठले. "किल्ली कमरेला लावा, सिस्टर," एवढंच म्हणाले. पण दुसऱ्या दिवशी ऑपरेशनच्या यादीतल्या चारही मुलांच्या कागदांवर 'रडल्यास द्यावे' खोडून 'दर सहा तासांनी' लिहिलं होतं, आणि अक्षर साहेबांचं होतं.

सरलाबाई पुढे घड्याळाच्याही पुढे धावू लागली. वेळेआधी दहा मिनिटं तिची हाक यायची, "ताई, कांडी!" बुधवारी सकाळी गायत्री भिंतीला धरून दारापर्यंत चालली. गेल्या वर्षी या वेळेला तिला मान उचलत नव्हती.

गुरुवारी त्यांना घरी सोडायचं होतं. दहाचा डोस घेऊन मी गेले, तेव्हा सरलाबाई शेजारच्या खाटेपाशी होती. तिथे कालच ऑपरेशन झालेल्या मुलाची आई औषधाचा पेला घेऊन घुटमळत होती. आजूबाजूच्या तीन-चार बायाही गोळा झाल्या होत्या.

"मीबी सांडी दिधी ती," सरलाबाई सगळ्यांच्या देखत, कंबरेवर हात ठेवून सांगत होती. "मनी पोर तास-दीड तास तळमळनी. मनी चूक. तू तशी करू नको, बाई."

मी पेला घेऊन उभीच. घड्याळात दहा. मी नेहमीप्रमाणे तो तिच्यापुढे धरला.

तिने वळूनही पाहिलं नाही. त्या बाईला समजावता समजावता नुसता हात हलवला. "मी काममा शे, ताई. तुम्हीच पाजा ना."

मी गायत्रीकडे वळले. तिने बाहुली बाजूला ठेवली, माझ्याकडे बघितलं आणि तोंड उघडलं.