उणे चाळीस

“जालन्यात बर्फ पडतं का, मॅडम?” कारखान्याचे मालक बद्रीनाथसरांनी विचारलं आणि तिथंच प्रीतीचं डोकं फिरलं.

विषय एका चिपचा होता आणि ती तिने दीड महिना खपून निवडली होती. मंठ्याकडच्या एका गावात विहिरीपासून पाण्याची टाकी दीड किलोमीटर लांब. विहिरीची पातळी तारेवरून टाकीपाशी कळणार आणि पाणी तळाला गेलं की मोटार आपोआप थांबणार. एवढ्या लांब तारेत संकेत थकतो, म्हणून मध्ये खांबावर रिपीटर. त्यात दोन इथरनेट चिप. एकीने मरगळलेला संकेत ऐकून घ्यायचा, दुसरीने तो ताजा करून पुढे धाडायचा. बारा चिपांची माहितीपत्रकं वाचून तिने एक ठरवली होती: पल्ला किलोमीटरभर, तापमान उणे चाळीस ते पंच्याऐंशी.

सरांनी परस्पर त्याच चिपचा शून्य ते सत्तरवाला स्वस्त प्रकार मागवला. दोनशे नग.

“उणे चाळीस काय चाटायचंय आपल्याला?”

“मी ती पंच्याऐंशीसाठी घेतली होती, सर.”

“इथं लई झालं तर चव्वेचाळीस. सत्तरला अजून सव्वीस बाकी. वजाबाकी मलाबी येते.”

“ते सावलीतलं. खांबावरच्या बंद पेटीत...”

“आठ दिवस टेबलावर बराबर चालून राह्यलंय. सही करा, उद्या गाडी जायचीय.”

ते टेबल एसीच्या झोताखाली होतं. सहीच्या कागदावर छापलं होतं, ‘उघड्यावर बसवण्यास योग्य’, आणि खाली तिचं नाव. रिपीटर बंद पडला तर कोरड्या विहिरीत मोटार जळणार, ऐन मे महिन्यात गाव तहानेनं बसणार आणि कागद निघणार प्रीती तातेराव खरातचा. तिने सही न करता कागद तसाच टेबलावर ठेवला. बोलली असती तर नको ते बोलली असती.

तिने रिपीटर पत्र्याच्या पेटीत बंद केला आणि पेटी कारखान्याच्या छपरावर नेऊन ठेवली. आत तापमापक. गेटवरच्या कॅमेऱ्याचं चित्र याच रिपीटरमधून सरांच्या पडद्यावर जाईल, अशी तार जोडली. कारखान्यात पंधरा वर्षं सोल्डरिंगचे डाग देणाऱ्या पुष्पाबाईंनी तारेचं भेंडोळं वर चढवलं.

“पेटीला हात लावू नको, बाई. पापड भाजंल तिच्यावर.”

साडेबाराला पेटीत बावन्न होतं. एकला त्रेसष्ट. दीडला सत्तर ओलांडलं तशी हिरवी बत्ती लुकलुकायला लागली आणि चौऱ्याहत्तरला विझली. प्रीतीने घड्याळ पाहिलं. एक वाजून बेचाळीस मिनिटं. आपलं बरोबर ठरल्याचा आनंद होईल असं तिला वाटलं होतं. पण रागच वाढला.

अडीच वाजता ती खाली आली. सर पडद्याकडे बघत बसले होते.

“मॅडम, गेटवर तो टेम्पो कव्हाचा उभा आहे. हालतच न्हाई. जरा हटकून या त्याला.”

“तो टेम्पो कधीच गेला, सर.”

सरांनी खिडकीतून पाहिलं. गेट मोकळं होतं. पडद्यावर एक बेचाळीसचा टेम्पो तसाच.

“मंग पेटीला भोकं पाडून पंखा बसवा.”

“अन् पहिल्या पावसात पाणी कोण उपसंल, साहेब?” दारातून पुष्पाबाई म्हणाल्या.

प्रीतीने कागद ओढून घेतला. ‘उघड्यावर बसवण्यास योग्य’ ही ओळ पट्टी लावून खोडली. खाली स्वच्छ अक्षरात लिहिलं: ‘उन्हात बंद पेटीत ७४ अंशांवर बंद पडले. वेळ दुपारी १.४२.’ आणि पूर्ण नावानिशी सही केली.

“घ्या,” ती म्हणाली, “आता पाठवा गाडी.”