चार रजिस्टरांची पोच

"ताई, कोरी हाय ही. फॉरमॅट मारू का?"

लखनचं बोट माउसवर टेकलेलंच होतं. पडद्यावर विंडोजची ओळखीची चौकट आली होती: डिस्क वापरण्यापूर्वी फॉरमॅट करावी लागेल, करायची का?

"नको," मी म्हणाले. "बोट उचल आधी."

लखन हसला. नांदेडात वजिराबादला त्याचं दुकान वीस वर्षांपासून आहे. "तुमच्या वडलांसारखंच बोलून राहिल्या. तीनदा आणली हुती काकांनी ही डिस्क. तीनदा म्हनलो, काका, यात काय न्हाई. तर म्हनले, तुला दिसत न्हाई म्हंजे न्हाई, हे कुणी ठरवलं?"

डिस्कच्या पाठीवर पांढरी चिकटपट्टी होती. तिच्यावर बाबांचं गोल अक्षर: 'फॉरमॅट विचारल्यास नाही म्हणावे. आनंदराज, लिपिक.' निवृत्त होऊन सहा वर्षं झाली होती, तरी सहीखाली लिपिक लिहायची सवय गेली नव्हती.

मला लखनकडून फक्त जुनी डिस्क लॅपटॉपला जोडायची केबल हवी होती. ती घेतली आणि मुखेडची एसटी पकडली. शनिवार होता. मंगळवारपर्यंत मला रजिस्टर क्रमांक चार शोधायचं होतं.

बाबा मुखेडजवळच्या एका शाळेत लिपिक होते. शाळा निजामाच्या काळातली, त्यामुळे तिची सुरुवातीची दाखल-खारिज रजिस्टरं उर्दूत. बाबा नोकरीला लागले तेव्हा ती कुणालाच वाचता येत नव्हती. माणसं आजोबा-पणजोबांची नोंद मागायला यायची आणि 'वाचणारं कोणी न्हाई' ऐकून परत जायची. सालगड्याच्या या मुलानं मग गावातल्या एका म्हाताऱ्या उर्दू मास्तरांकडे दोन वर्षं रोज संध्याकाळी जाऊन लिपी शिकून घेतली. त्याबद्दल पगारवाढ मिळाली नाही. हसू मात्र झालं. "आनंदराज आता नमाज पढतो का काय," असं स्टाफरूममध्ये म्हणायचे. बाबा म्हणायचे, "वाचतो. तुमच्याच आज्यांची नावं वाचतो."

त्यांची आणखी एक सवय होती. कुठलीही वस्तू ते पोच घेतल्याशिवाय कुणाच्या हातात देत नसत. खडूचा खोका दिला तरी पोच. आईनं एकदा डबा हातात देताना विचारलं होतं, "याची बी पोच लिहून देता का?"

चार महिन्यांपूर्वी बाबा गेले. पुण्यानुमोदनाच्या दिवशी, वंदना संपून लोक जेवायला बसले असताना, शाळेचे हेडक्लार्क वैजनाथराव आईपाशी येऊन बसले. आवाज दु:खाचा होता, पण शेजारच्या रांगेला ऐकू जाईल इतका मोठा.

"धुरपताबाई, माणूस लई चांगला. पण ती चार जुनी रजिस्टरं त्यांनी घरी आणली हुती, त्याला विलाज न्हाई. पेटीबिटीत बगा जरा. लोकांची कामं अडून राहिली."

आईचा हात ताटातच थांबला. गल्लीतली चांगुणाकाकू समोर वाढत होती. तिच्या ऋतुजाचं नर्सिंगचं पहिलं वर्ष चालू होतं. जातपडताळणी समितीला मूळ पुरावा हवा होता, आणि तो म्हणजे ऋतुजाच्या पणजोबांची १३५५ फसलीतली, म्हणजे १९४५-४६ सालची, शाळाप्रवेशाची नोंद, रजिस्टर क्रमांक चारमध्ये. ती मिळाली नाही तर मुलीचा प्रवेश रद्द, आणि समितीनं दिलेली मुदत या मंगळवारी संपत होती. काकूनं आमच्याकडे पाहिलं नाही, इतकंच.

बाबांवर हा आरोप त्यांच्या हयातीतही झाला होता. शाळेची इमारत बदलली तेव्हा त्यांनी रजिस्टरं रीतसर सोपवली होती. पण पोचेचा कागद पेटीत वाळवीनं खाल्ला, आणि कागदाशिवाय शाळेतली कपाटं उघडून बघायला कुणी तयार नव्हतं. "कागद खाल्ला तर खाऊ दे, पोच डिस्कमंदी हाय," असं ते सांगत राहिले. शाळेचा पहिला संगणक भंगारात काढला तेव्हा हेडमास्तरांची परवानगी घेऊन त्यांनी त्याची डिस्क ठेवून घेतली होती.

दोन वर्षांपूर्वी ती डिस्क त्यांनी माझ्याकडे दिली. मी नांदेडला तंत्रनिकेतनात संगणक प्रयोगशाळा सांभाळते. प्रॅक्टिकलच्या गडबडीत मी ती एका विंडोज मशीनला लावली, तीच चौकट आली आणि मी फोनवर सांगितलं, "बाबा, कोरी आहे ती. सोडून द्या."

ते म्हणाले, "बरं, माय." पुन्हा त्यांनी मला कधी विचारलं नाही.

शाळेच्या त्या संगणकावर गणिताच्या एका शिक्षकांनी लिनक्स घातलं होतं, हे मला बाबांच्या मृत्यूनंतर, बाबांची वही चाळताना कळलं. वहीत फाइल सिस्टीमचं नावही होतं: रायझर. फाइल सिस्टीम म्हणजे डिस्कवर दप्तर लावायची पद्धत. दप्तर जागच्या जागी असतं, पण ती पद्धत ठाऊक नसलेल्या यंत्राला खोली रिकामी दिसते. रायझर जुनी झाली. आता लिनक्सच्या गाभ्यातून, म्हणजे कर्नेलमधून, तिचा आधारच काढून टाकला आहे. माझ्या लॅपटॉपनंही हात वर केले: ही पद्धत मला माहीत नाही.

मग त्याला शिकवायला हवं होतं.

रविवारी दुपारी मी बाजेवर लॅपटॉप घेऊन बसले. आई खाली चिंचा फोडत होती. रायझर वाचू शकणाऱ्या जुन्या कर्नेलचा सगळा मूळ मजकूर, म्हणजे सोर्स कोड, मी नांदेडहून उतरवून आणला होता. तो आपल्या गरजेप्रमाणे बांधून घेता येतो. बांधण्याआधी एक लांबलचक यादी येते. हे हवं का, ते हवं का, एकेकाला हो किंवा नाही. फाइल सिस्टीमच्या पानावर बऱ्याच जुन्या नावांखाली मदतीच्या मजकुरात तोच सल्ला होता: खात्री नसेल तर नाही म्हणा.

"काय विचारून राहिलंय ते?" आईनं विचारलं.

"जुनं वाचायची सोय ठेवायची का, असं विचारतंय. नको म्हणा, म्हणतंय."

"मंग?"

"हो म्हणतेय."

आईनं चिंचोका डब्यात टाकला. "म्हन. दोनदा म्हन."

रायझरपुढे तर स्पष्टच लिहिलं होतं की हे कालबाह्य आहे, लवकरच काढलं जाईल. मी त्याच्यापुढे होकार नोंदवला आणि बांधणी सुरू केली. पडद्यावरून हजारो ओळी सरकू लागल्या. मधे वीज गेली, बॅटरीवर काम चालू राहिलं. तोवर सोबत आणलेल्या दुसऱ्या लॅपटॉपवर मी डिस्कची हुबेहूब नक्कल करून घेतली. मूळ वस्तूला हात लावायचा नाही, हे बाबांचंच.

बांधणी संपली तेव्हा ऊन उंबऱ्यापर्यंत आलं होतं. मशीन पुन्हा सुरू केलं आणि उत्तर तेच आलं: ही पद्धत माहीत नाही. मग लक्षात आलं, मशीन सवयीनं आपल्या नेहमीच्याच कर्नेलवर सुरू झालं होतं. पुन्हा बंद केलं, या वेळी सुरू होताना यादीतून मी बांधलेला कर्नेल निवडला.

डिस्कची नक्कल उघडली.

फोल्डर मराठीतच होते. 'रजिस्टर १', 'रजिस्टर २'. पानोपान स्कॅन केलेली, उर्दूची वळणं तशीच. आणि 'पोच' नावाचा फोल्डर. त्यात तीनशे चौदा चित्रं. खडू, नकाशे, घंटेची दोरी. मी एकेक उघडत गेले. दोनशे सत्त्याण्णवावी होती: 'जुनी उर्दू रजिस्टरे क्र. १ ते ४, सुस्थितीत, आनंदराज यांजकडून मिळाली. नवीन इमारत, प्रयोगशाळा, कपाट क्र. ७ मध्ये ठेवली.' खाली तारीख, शाळेचा शिक्का, आणि सही. वैजनाथ.

मी पडदा आईकडे वळवला. तिला वाचता येत नाही. तिनं शिक्क्यावर बोट ठेवलं. "घरी न्हवती आणली ना?"

"नाही, आई."

"मला ठाव हुतं," ती म्हणाली आणि पुन्हा चिंचा पुढ्यात ओढल्या. बराच वेळ तिनं एकही चिंच फोडली नाही.

सोमवारी चांगुणाकाकूला सोबत घेऊन शाळेत गेले. वैजनाथरावांपुढे छापलेला कागद ठेवला.

"संगणकातलं काय खरं धरायचं, माय? आजकाल कायबी बनवतेत."

"सही ओळखीची वाटते का, काका?"

त्यांनी चष्मा लावला. कागद थोडा लांब धरला, मग जवळ. "लई जुनी गोष्ट हाय. माझ्या ध्यानात न्हाई."

"कपाट नंबर सातची किल्ली ध्यानात आहे का?"

"त्यात खेळाचं सामान हाय. पोरांचे बूट."

"बूट बघू," चांगुणाकाकू म्हणाली. पदर खोचून ती निघालीही होती.

कपाटात खरंच बूट होते. फाटके व्हॉलीबॉल, कबड्डीचे बनियन. सगळ्यांत खालच्या कप्प्यात, वर्तमानपत्रात बांधलेली चार रजिस्टरं. सुतळीची गाठ बाबांची होती. ते नेहमी दुहेरी मारत आणि टोक आत खुपसत.

मला उर्दू येत नाही. पण चौथ्या रजिस्टरात पानापानाला चिठ्ठ्या होत्या, पेन्सिलीनं मराठीत लिहिलेल्या. काकूच्या सासऱ्यांच्या वडिलांचं नाव सापडायला दहा मिनिटंही लागली नाहीत. काकूनं त्या चिठ्ठीवरून अंगठा फिरवला. मग माझा हात धरला आणि सोडलाच नाही.

वैजनाथराव दारात उभे होते. "मिळालं ना? चला, झालं मंग. उद्या नेतो मी समितीपुढं. तुमी जा आता, उन्हाचं बसून काय करता?"

मी त्यांच्या टेबलासमोरच्या खुर्चीवर जाऊन बसले. कोरा कागद काढून त्यांच्यापुढे सरकवला.

"हे काय?"

"चार रजिस्टरं सुस्थितीत सापडली, कुठं सापडली, कुणासमोर सापडली. पोच द्या."

"अगं, मी काय पळून चाललोय का?"

"नाही. बाबाही नव्हते पळाले."

त्यांनी बराच वेळ पेन शोधलं. चांगुणाकाकूनं टेबलावरचंच उचलून त्यांच्या हातात दिलं. बाहेर मधल्या सुट्टीची घंटा झाली. पोरं ओरडत मैदानात गेली, परत आली, पुन्हा वर्ग भरले. ते एकेक शब्द लिहीत होते आणि मी उलट्या बाजूनं वाचत होते.

सही झाली. कागद माझ्याकडे सरकवला.

मी तो परत त्यांच्याकडे सरकवला.

"शिक्का," मी म्हणाले, आणि खुर्चीत नीट टेकून बसले.