नारळ माझ्यावर फुटला म्हणून

बोलायची मला हौस नाही. दगडानं गप पडून राहावं, त्यातच त्याची इज्जत. पण पालिकेच्या इंजिनीअर अरुंधती मॅडम मागं एकदा कावून म्हणाल्या, "हा दगडच बोलला असता तर बरं झालं असतं." सगळे हसले. मला कोणी विचारलं नाही. आता ज्याला त्याला माझीच गोष्ट पाहिजे. घ्या तर. मधे तोंड घालू नका.

मी धुण्याचा दगड. देव नाही. हे आधीच सांगतो, कारण सगळी भानगड त्याचीच आहे.

पनवेलच्या डोंगरातल्या खाणीत सुरुंगानं उडालो. माझ्यासोबतचे क्रशरमध्ये गेले, खडी झाले आणि न्हावा शेव्याच्या रस्त्याखाली जाऊन पडले. आता कंटेनरची धुडं त्यांच्या छाताडावरून जातात. मी निघालो चपटा. खाणीत गाड्या भरणारा आनंदा मला बघून म्हणाला, "ह्यो आमच्या भामाला नेतो." नवीन लग्न होतं. लोक बायकोला साडी नेतात, यानं दगड नेला. डोक्यावर चुंबळ ठेवून खाडीकडच्या वस्तीत घेऊन आला. भामानं माझ्यावर तांब्याभर पाणी ओतलं, हात फिरवला आणि म्हणाली, "बरा हाय."

आनंदा पुढं छातीच्या दुखण्यानं गेला. खाणीची धूळ. त्याचा शेवटचा सदरा भामानं माझ्यावर धुतला, तेव्हा साबण लावलाच नाही. नुसतं पाणी घालत बसली.

मी तिच्या दारातच होतो. सगळ्या आळीचे कपडे माझ्यावर आपटले. दगडाला माणूस चांगला कळतो. तोंडानं गोड बोलणारी सून सासूच्या लुगड्यावर धोपाटणं कसं हाणते, ते मी सोसलंय. आणि संध्याकाळी शेजारचा दीनानाथ यायचा. माझ्यावर बसायचा, तंबाखू मळायचा आणि भेगाळलेल्या टाचा माझ्यावर खसाखसा घासायचा. इतकी वर्षं घासल्या, पण "बाबा, तुला लागतं का" असं कधी नाही.

वस्तीत उधाणाचं पाणी घरात शिरायचं. चुलीत खेकडे निघायचे. पालिकेनं ठरवलं, इथंच इमारत बांधायची, स्वस्तात पक्की घरं द्यायची. अरुंधती मॅडम उन्हातान्हात दारोदार फिरल्या. कोणाचा विश्वास बसेना. "मॅडम, घर देतील आन् वर पानी चढनार नाय," असं म्हणून लोक दार लावून घ्यायचे. त्या पुन्हा यायच्या. बाई चिवट. शेवटी सगळे तयार झाले, झोपड्या पाडल्या आणि माणसं पत्र्याच्या शेडमध्ये राहायला गेली.

भामाचा मुलगा धर्मराज तळोज्याला कारखान्यात. त्याची बायको मोनाली शेडमध्ये राहीना. तान्ही रिया होती, पत्रा तापला की पोरीच्या अंगावर पुरळ उठायचं. मोनाली पोरीला घेऊन उरणला माहेरी गेली. "आई, घर झालं की त्याच दिवशी येते," म्हणाली. मागनं धर्मराजही गेला. दीनानाथ भामाला टोचायचा, "काय वैनी, पोरगा घरजावई झाला वाटतं!" भामा पदर खोचून कामाला लागायची. तिला काही नको होतं. तळमजल्याची खोली आणि तीत नात, बस.

भूमिपूजनाला मांडव होता, भोंगा होता, शाली होत्या. नारळ फोडायला दगड मात्र कोणी आणला नाही. खाडीची माती मऊ. पाहुण्यांनी नारळ आपटला तो गपकन रुतला. लोक हसायला लागले. मग दीनानाथ धावला आणि मोडलेल्या झोपडीच्या राड्यातून मला हातगाडीवर घालून घेऊन आला. नारळ फुटला. मला हळदकुंकू लागलं. पाहुणे गाडीत बसून गेले.

मी तिथंच. कुंकू लागलेला दगड उचलणार कोण? पायानं सरकवायची सोय नाही. लोक वळसा घालून जायला लागले.

अशात दीनानाथची हरवलेली शेळी सापडली. माझ्यावरचं सुकलेलं खोबरं चाटत उभी होती. शेळीच ती, खोबरं दिसलं, चाटलं. पण हा ओरडला, "देव पावला!" शेंदूर आला, चार बांबू आले, वर पत्रा, घंटा. आणि ज्यानं माझ्यावर टाचा घासल्या तोच मंडळाचा अध्यक्ष.

पाया खणायला मशीन आलं तेव्हा मी नेमका खांबाच्या जागी. मॅडम म्हणाल्या, "आपण व्यवस्थित पूजा करून बाजूला ठेवू या."

दीनानाथ म्हणाला, "मॅडम, देव जागा सोडत नाय."

"अहो, पण तुमचंच घर थांबलंय!"

"घर काय, उद्या होईल. देव कोपला तर तुमी येनार हाय का?"

मशीन परत गेलं. अख्खा पावसाळा खड्ड्यात पाणी आणि बेडूक. उरणहून मोनालीचा फोन यायचा, "घर कुठवर आलं?" भामा सांगायची, "पाया चाललाय." सांगताना माझ्याकडं बघायची. मी काय करणार? मला काय पाय आहेत, उठून बाजूला व्हायला?

मग एकदा फोनवर मोनालीनं सांगितलं की रिया चालायला लागली. भामा फोन ठेवून तशीच उठली. धुण्याचं बोचकं काखेत, हातात साबण आणि धोपाटणं. माझ्यासमोर आरती चालू होती. ती सरळ घुसली, फुलं बाजूला सारली आणि धर्मराजची जुनी पँट माझ्यावर टाकून हाणायला लागली.

घंटा थांबली. दीनानाथ किंचाळला, "वैनी! पाप लागंल!"

"लागू दे. तुमी टाचा घासल्या तवा नाय लागलं, भावजी?"

"तो दगड येगळा व्हता!"

"येगळा? माज्या नवऱ्यानं डोक्यावरनं आनलाय ह्यो. ह्याची एकेक खाच मला ठावी हाय. देव माजाबी हाय, पन तो असा माज्या नातीच्या घराच्या आडवा नाय बसनार."

भीती तिलाही होती. पण हात थांबले नाहीत. गर्दीतली एक म्हातारी म्हणाली, "मीबी हितंच धुतलंय गं माज्या पोरांचं." ती फडकं घेऊन आली. मग दुसरी. शेंदूर साबणाच्या फेसात लाल होऊन वाहून गेला. घंटा काढायला कोणाला सांगावं लागलं नाही.

मशीन आलं. मला बाजूला ढकललं, फार हळूही नाही. आता दुसरा स्लॅब ओतून झालाय. काम सावकाश चालतं, पण चालतं. भामाला तळमजल्याची खोली मिळणार आहे. आत फरशीची मोरी असेल. तिथं माझं काम नाही. शेडमागं पडून आहे, अंगावर सिमेंट उडतं. दमलो. देव होण्यापेक्षा हे बरं.

रिया परवा उरणहून आली होती. आजीला बघून रडायला लागली. ओळखच नाही. भामानं तिला घ्यायला हात पुढं केले होते, ते तसेच मागं घेतले.

आणि माझ्यासमोरच शेडच्या दारात उभा राहून एकजण पाहुण्यांना सांगत होता, "त्या दगडापायी घर रखडलं बघा. लई कडक दगड." दगडापायी! मी तिथं चालत गेलो होतो? मला माफी पाहिजे. भामाची मागून झाल्यावर माझी मागा, मी थांबतो. पालिकेनं नको, मॅडमनी नको, शेळीनं तर अजिबात नको. एकाच माणसानं. दीनानाथ धाया भगत.