रंगवायला नको

प्रियांकाने कलपाची पुडी वाटीत रिकामी केली, वर दोन चमचे पाणी घातलं आणि ब्रशने ढवळायला घेतलं. शेजारीच रंगभूषेचा साधा रंग होता, पण तो साबणाने पटकन निघतो. कलप एकदा कातडीवर बसला की चार-सहा दिवस हलत नाही, आणि परवा देवयानीबाईंच्या मुलाचा साखरपुडा होता.

"भरपूर काळं कर हं मला," खुर्चीतून आरशात बघत बाई म्हणाल्या. "शेवटचा प्रवेश आहे. हात आखडता घेऊ नकोस."

"नाही घेणार, बाई."

कोलशेतच्या त्या उंच इमारतींच्या क्लबहाउसमध्ये महिला मंडळाचा कार्यक्रम अगदी रंगात आला होता. यंदाचा विषय बाईंनीच काढलेला, इतिहास घडवणाऱ्या काळ्या स्त्रिया. कोणी केनियात झाडं लावून नोबेल मिळवणारी झाली होती, कोणी पोलिओवर मात करून ऑलिंपिकमध्ये धावलेली. रंगभूषेसाठी बाईंनीच बोलावलेली प्रियांका संध्याकाळपासून एकेका गोऱ्यापान बाईला रंगवत होती. टाळ्या घेऊन विंगेत आली की तीच बाई प्रियांकाकडचे ओले वाइप्स मागून तोंड खसाखसा घासायची आणि म्हणायची, "गेला का गं सगळा? सुटले बाई एकदाची!"

हे ऐकून ऐकून प्रियांकाचं डोकं भणभणलं होतं. पण कलप तिने शहाडहून निघतानाच पर्समध्ये टाकला होता. त्याचं कारण जुनं होतं.

देवयानीबाई तेव्हा डोंबिवलीच्या शाळेत होत्या आणि दरवर्षीचं गॅदरिंग त्याच बसवायच्या. सातवीतल्या प्रियांकाला झाशीच्या राणीची सगळी भाषणं तोंडपाठ होती. राणी मिळाली एका घाऱ्या डोळ्यांच्या मुलीला, जिला चार वाक्यं धड आठवत नव्हती. प्रियांकाच्या वाट्याला आली दुसऱ्या नाटिकेतली शूर्पणखा. वर बाई सगळ्या वर्गासमोर म्हणाल्या होत्या, "हिला रंगवायला नको. तेवढाच खर्च वाचला." वर्ग खो खो हसला. प्रियांकाही हसली होती, आणि आपलं ते हसणंच तिला आजवर जास्त सलत आलं होतं.

"तू म्हणजे आमची शूर्पणखा!" बाई आता कौतुकाने म्हणाल्या. "काय गाजवलं होतंस गं ते काम! अजून आठवण काढते मी."

"मीपण काढते, बाई."

तिने ब्रश वाटीत बुडवला. बाईंनी डोळे मिटून गाल पुढे केला.

"बघ माझी हौस. एरवी लोक शिक्षा म्हणून तोंडाला काळं फासतात, आणि मी पैसे देऊन फासून घेतेय!"

प्रियांकाचा हात हवेतच थांबला. समोर आरसा होता. त्यात बाईंचा गोरा चेहरा होता आणि त्याच्या मागे, थोडा वर, तिचा स्वतःचा. आपणही शिक्षाच द्यायला निघालो होतो की. आणि शिक्षेला रंग कुठला निवडला, तर आपला, आपल्या आईचा. बाईंचा आला नव्हता एवढा संताप तिला त्या क्षणी स्वतःचा आला.

ती वळली आणि वाटी बेसिनमध्ये उलटी केली. कलप वाहून गेला. राग मात्र तसूभरही हलला नाही.

"काय झालं गं?"

"आधी पॅक लावते, बाई. त्याशिवाय रंग नीट बसत नाही."

तिने पांढरा पॅक कालवला आणि बाईंच्या कपाळापासून हनुवटीपर्यंत जाड थापला. डोळ्यांवर गुलाबपाण्यात भिजवलेला कापूस ठेवला. "आता सुकेपर्यंत अजिबात बोलायचं नाही. बोललात की सुरकुत्या पडल्याच म्हणून समजा."

बाईंनी ओठ घट्ट मिटले. साखरपुडा परवावर होता.

खुंटीवर बाईंच्या मुलाचं बाइकवर घालायचं चामडी जाकीट आणि मोठा गॉगल टांगला होता. बाई बेसी कोलमन होणार होत्या, फ्रान्सला जाऊन वैमानिकाचा परवाना मिळवणारी पहिली काळी अमेरिकन स्त्री. मेकअपसाठी म्हणून त्यांनी आठवड्यापूर्वी तिचा फोटो पाठवला होता. तेव्हापासून प्रियांका मोबाइलवर तिच्याविषयी मिळेल ते वाचत होती. बाईंनी पाठ केलं होतं ते पाच-सहा ओळींचं भाषण, तेही अडखळत.

बाहेर माइकवर शेवटच्या प्रवेशाची घोषणा झाली. बाईंनी घशातून "अं? अं?" केलं आणि चाचपडत हात पुढे केला. प्रियांकाने तो हात हळूच खुर्चीच्या दांडीवर परत ठेवला, खुंटीवरचं जाकीट स्वतःच्या अंगात चढवलं, गॉगल डोळ्यांवर लावला आणि जाकिटाची चेन गळ्यापर्यंत ओढली.

"तुम्ही बसा निवांत. मला रंगवायला नको, बाई. तेवढाच खर्च वाचला."

पांढऱ्या पॅकला ओठांपाशी एक चीर गेली. प्रियांका ती बघायला थांबली नाही.

दिव्याच्या झोतात येऊन तिने गॉगल कपाळावर सरकवला. सभागृह शांत झालं. मग पहिल्या रांगेतून कोणीतरी शेजारणीला म्हणालं, कुजबुजत, पण स्टेजवर स्पष्ट ऐकू येईल असं, "मेकअप बघ काय भारी केलाय! अगदी खरी वाटतेय."

प्रियांकाने तोंडाशी आलेलं वाक्य मागे घेतलं. जीन्सच्या खिशातून वाइप्सचं पाकीट काढलं, त्यातला एक ओढला आणि सगळ्यांसमोर आपला गाल सावकाश, जोर लावून पुसला. मग कपाळ, मग हनुवटी. कडेपर्यंत चालत गेली आणि तो वाइप उलगडून पहिल्या रांगेसमोर धरला.

तो पांढराशुभ्र होता.

कोणी टाळी वाजवली नाही, कोणी हसलंही नाही. प्रियांका परत मध्यभागी आली.

"माझ्या देशात मला विमान चालवायला शिकवायला कोणी तयार नव्हतं," ती म्हणाली. "म्हणून मी आधी फ्रेंच शिकले."