मागून प्यायचं पाणी

पोटची पोरगी हाय म्हणून काय झालं? चूक ती चूक! मी गप बसणारी बाई न्हाई.

माझी संघमित्रा, घरात आमी तिला मित्रा म्हणतो, साखर कारखान्याच्या इंग्रजी शाळेत फ्रेंच शिकवती. मी भिमाबाई, त्याच शाळेत शिपाईबाई. व्हरांड्यातलं पाण्याचं पिंप माझ्याकडं. त्या साली दुष्काळानं जीव खाल्लेला, टँकर चार दिवसाला एक. पोरं घरून रिकाम्या बाटल्या घिऊन यायची.

पोरं इंग्रजी फाडफाड बोलायची, पण फ्रेंच म्हणलं की गाईडातलं पाठ करून ओकायची. मित्राला त्याचा लई ताप. पुण्याला ट्रेनिंगला गेलती, तिथं म्हणले, गरज पडल्याबिगर भाषा तोंडात येत न्हाई. आली नि पिंप वर्गात नेऊन ठिवलं. फ्रेंचमधी अख्खं वाक्य बोललं तरच गिलास भरून मिळायचा. आठ दिवसात पोरं बोलायला लागली की! हेडमास्तरांनी पाठ थोपटली. मीबी फुगले, खोटं कशाला बोलू.

मग शिरूर कासारची शिवकन्या आली, नवी. तिला फ्रेंचचं एक अक्षर येईना. पाणी मागताना "सिल व्हू प्ले"वर, म्हंजी 'कृपा करून'वर, अडकली. पोरं हसली. मित्रा म्हणाली, "पुन्हा." तिसऱ्या खेपेला पोरीनं मान खाली घातली नि ओठ चाटत जागेवर जाऊन बसली.

माझं डोस्कं सणकलं. हातातलं फडकं फेकून वर्गात शिरले, गिलास बुडवला नि पोरीच्या तोंडाला लावला. गटागटा प्याली.

"आई, मधी पडू नको," मित्रा करवादली. "किती मेहनतीनं बोलायला लागलीत! हिला असंच दिलं तर उद्या कोण बोलंल?"

"अगं ए शहाणे! बहात्तरच्या दुष्काळात मी चौदा वर्षांची होते. इहिरीला हात लावायची सोय न्हवती आमाला. रिकामी घागर घिऊन लांब उभं ऱ्हायचं नि म्हणायचं, 'माय, वाढा की पाणी, लई उपकार व्हतील.' तुझ्या पोरांपरीस गोड बोलायचो आमी. एक शब्द चुकायचा न्हाई! ती भाषा मी तुला जल्मात शिकवली न्हाई. नि तू तीच या लेकरांना शिकवायलीस?"

मित्रानं हातातला खडू खाली ठिवला. मग पिंपाजवळ गेली, उचलायला लागली. एकटीला उचलंना. मी काय पुढं झाले न्हाई. शिवकन्याच उठली नि तिनं दुसरी बाजू धरली. दोघींनी ते बाहेर व्हरांड्यात नेऊन ठिवलं.